न गाणारी शिक्षिका

उत्तर अमेरिकेतील काउबर्ड नावाच्या पक्ष्याची मादी स्वतः गात नाही. तथापि तरुण नराच्या अपक्व स्वरावलीतील एखादा तुकडा तिला रुचला की ती क्षणभर पंख फडकावते, आणि तेवढ्याच इशाऱ्यावर नर तो तुकडा पुनःपुन्हा आळवून आपले गाणे घडवीत जातो, असे मेरेडिथ वेस्ट आणि अँड्र्यू किंग या संशोधकांनी १९८८ साली दाखवून दिले. पुढे २००३ साली मायकेल गोल्डस्टीन यांच्यासह त्यांनी हीच कसोटी आठ महिन्यांच्या अर्भकांना लावली. ज्यांच्या माता बाळाने स्वर काढताच हसल्या, जवळ सरकल्या, त्याला स्पर्श करत्या झाल्या, त्या बाळांचे उच्चार पाहतापाहता सुघड झाले. तेवढाच स्नेह, परंतु अवेळी, ज्यांना लाभला, त्यांच्यात तो पालट दिसला नाही. मुलाने आरंभ करावा आणि मोठ्याने तत्काळ प्रतिसाद द्यावा, या वाचा-उपचारातील रीतीला पाखरांच्या दप्तरातून मिळालेला हा पुरावाच होय.

बालशिक्षणाच्या क्षेत्रातील ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस, व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, शाळाच आदिवासी मुलाच्या अंगणात नेण्याची जी तजवीज केली, ती डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील वाचा-उपचारासही मानवेल; कारण तज्ज्ञ क्वचितच भेटणार, आणि बाळाच्या हुंकाराला त्याच क्षणी, तेही वारली बोलीतच, उत्तर देणारी आजी मात्र सदैव हजर असते. अर्थात, ज्या बाळाला ऐकूच येत नसेल त्याच्या बाबतीत श्रवणचाचणीच प्रथम करावयास हवी.