आठाच्या खुणेपर्यंत

मुलांच्या फिट्सची ओपीडी आठवड्यातून एकदाच, त्यामुळे बाकावर टेकायला जागा नाही. मी लेकीचा केसपेपर धरून उभी. शेजारची आजी नातवाची चड्डी वर सारून मला त्याच्या मांड्या दाखवते आहे. एक डाग काळानिळा, एक हिरवट, एक पिवळा पडत आलेला. "शाळंत मारत्यात गं ह्याला. इचारलं तर बोलत न्हाय."

आत दोघादोघांना घेतात, म्हणून मलाही दिसतं. डॉक्टर पोराच्या घोट्यावरच्या बारीक लाल ठिपक्यांवर अंगठा दाबतात. ठिपके जात नाहीत.

"दात घासताना रक्त येतं का रे?"

सात वर्षांचं पोर मान हलवतं. आजी त्याच्याकडे बघतच राहते.

गावाकडच्या लॅबचा रिपोर्ट समोर आहे. प्लेटलेट्स 68 हजार; हव्यात निदान दीड लाख. "कुणी मारलेलं नाही, आजी. फिटच्या औषधानं झालंय." व्हॅल्प्रोएट. डोस वाढला की काही मुलांच्या प्लेटलेट्स उतरतात, आणि याचा डोस मागच्याच खेपेला वाढवलेला.

"मग बंदच करते आजपास्नं!"

डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदा चढतो. "अजिबात नाही. एकदम बंद केलंत तर फिटवर फिट येईल." डोस थोडा खाली, दाढ काढायचं पुढे ढकला, ताप आला तर पॅरासिटामॉलच, दुसरी कुठली गोळी नको.

पलीकडे रक्त घेणारा मुलगा जांभळ्या झाकणाची नळी हळूहळू उलटीसुलटी करतोय. हे नीट झालं नाही तर नळीत गुठळी होते आणि प्लेटलेट्स आहेत त्याहून कमी मोजल्या जातात. म्हणून या वेळी काचपट्टीवरही बघायला लिहिलंय.

माझ्या लेकीला कार्बामाझेपिन आहे. त्यात पांढऱ्या पेशी उतरू शकतात, हे मला पाठ. पण तिच्या पोटऱ्या मी शेवटच्या कधी निरखल्या? खरं सांगायचं तर आठवत नाही.

आजीला आकडे वाचता येत नाहीत. डॉक्टर औषधाच्या सिरिंजवर, दहाच्या खाली आठाच्या खुणेवर, बॉलपेननं जाड रेघ ओढतात.

"हितवर?"

"इथपर्यंत. सकाळ-संध्याकाळ. एकही वेळ चुकवायची नाही."

आजी एका हातानं पोराच्या कोपरातला कापूस दाबून धरते, दुसऱ्या हातानं सिरिंज कनवटीला खोचते. पुढची तपासणी पंधरा दिवसांनी.