आलेखनाची दर्शनी आज्ञावली
आलेखनाची दर्शनी आज्ञावली : टंकित आदेशांवरून आलेख काढणाऱ्या आज्ञावलीला जोडलेली, खिडकी, रकाने व कळा यांनी युक्त अशी दुसरी आज्ञावली. ती स्वतः आलेख काढीत नाही. निवडलेल्या मूल्यांवरून आदेश तयार करून तो मूळ आज्ञावलीकडे पाठविते. पायथन भाषेत खिडकीसाठी टीकेइंटर व आदेश चालविण्यासाठी सबप्रोसेस हे संच आहेत. आदेशाचे घटक सूचीरूपाने दिल्यास फाइलच्या नावातील मोकळ्या जागेमुळे घोटाळा होत नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या नियोजित लायगो-इंडिया वेधशाळेचा विषय असलेल्या गुरुत्वीय तरंगांच्या अभ्यासात अशा आलेखांना फार महत्त्व आहे. त्यांच्या नोंदींसाठी जीडब्ल्यूपाय या पायथन संचात आलेखनाचा स्वतंत्र आदेश आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच प्रत्यक्ष नोंदलेल्या तरंगाची कंप्रता सु. ०·२ सेकंदात ३५ वरून २५० हर्ट्‌झपर्यंत चढली. कालखंड वा कंप्रतामर्यादा चुकल्यास ही चढती रेषा आलेखात दिसतच नाही. म्हणून दर्शनी आज्ञावलीने मूल्ये तपासावीत, मूळ आज्ञावलीचे त्रुटिसंदेश दडवू नयेत आणि संपूर्ण आदेश आलेखासोबत जतन करावा. तसे केल्यास इतरांना तोच आलेख पुन्हा काढून निष्कर्ष पडताळता येतो; एरवी चित्र उरते, पण त्यामागील पुरावा उरत नाही.