टायरच्या पोटातले मणी

अमेरिकेत युटा राज्यातल्या मोआबच्या लाल खडकांवर किंवा कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर जीप घालणारे हौशी लोक कारखान्यातून आलेल्या टायरवर क्वचितच समाधान मानतात. 35 इंची, 37 इंची, प्रसंगी 40 इंची टायर चढवल्याशिवाय त्यांची गाडी घराबाहेर पडत नाही. खडकावर या टायरांना तोड नाही. पंचाईत होते ती खडकापर्यंत पोहोचताना. हायवेवर नव्वद-शंभरचा वेग गाठला की स्टिअरिंग थरथरू लागते, आरसे हलू लागतात, आणि पुढचा आस अखंड असलेल्या जुन्या धाटणीच्या गाड्यांत सुट्या झालेल्या जोडांची भर पडली तर सगळी गाडीच हादरते.

यावर तिथे रुळलेला एक उपाय ऐकायला गमतीचा वाटतो. रिमवर वजने न ठोकता टायरच्या आतच काचेचे किंवा सिरॅमिकचे बारीक मणी मोकळे सोडायचे. चाक फिरू लागले की ते आपली जागा आपणच शोधतात, असा दावा. लांब पल्ल्याच्या ट्रकांतही ते वापरतात. ज्यांना विकतचे मणी महाग वाटतात ते खेळण्यातल्या बंदुकीचे 6 मिलिमीटरचे प्लास्टिकचे छर्रे भरतात.

हे खटाटोप कशासाठी, ते थोड्या हिशेबाने कळते. 37 इंची टायरच्या नक्षीत एका बाजूला 100 ग्रॅम रबर जास्त आहे असे धरू. ताशी 100 किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला साधारण साडेनऊ फेरे घेते. त्या वेळी त्या 100 ग्रॅमचा बाहेरच्या बाजूचा ओढा सुमारे साडेसोळा किलो वजनाइतका असतो, आणि प्रत्येक फेऱ्यात तो वर, पुढे, खाली, मागे असा दिशा बदलत राहतो. वेग निम्मा केला तर ओढा एक चतुर्थांशच उरतो. म्हणून गावात शांत असलेली गाडी हायवेवर त्रास देते.

नेहमीचा इलाज रिमवर शिशाची किंवा लोखंडाची वजने लावण्याचा. पण 17 इंची रिमची कड आसापासून साडेआठ इंचांवर, तर टायरची नक्षी साडेअठरा इंचांवर. नक्षीतले 100 ग्रॅम तोलायला रिमवर जवळजवळ 220 ग्रॅम लावावे लागतात. टायर जितका उंच आणि रिम जितकी लहान, तितका हा हिशेब बिघडत जातो. शिवाय चिखल आणि दगड ही वजने उपटून टाकतात. टायरची कड बोल्टांनी आवळून धरणारी बीडलॉक रिम असेल तर ती मुळातच जड, आणि वजने लावायला जागाही कमी. मणी मात्र थेट नक्षीच्या पाठीमागे बसतात. तिथे जवळजवळ ग्रॅमला ग्रॅम पुरतो.

पण मण्यांना जड बाजू कोणती हे कळते कसे? त्यांना काहीच कळत नाही. फिरत्या चाकातली सुटी वस्तू फिरण्याच्या खऱ्या केंद्रापासून जास्तीत जास्त लांब जायला बघते, एवढेच. असमतोल चाक पुरेशा वेगाने फिरले की ते आपल्या आसाभोवती न फिरता वजनाच्या मध्याभोवती फिरू बघते. हा मध्य जड बाजूकडे सरकलेला असतो, म्हणून सर्वांत लांब राहते ती हलकी बाजू. मणी तिकडे जातात आणि तोल साधतो. स्वयंचलित वॉशिंग मशीनच्या ड्रमला खारे पाणी किंवा पोलादी गोळ्या भरलेले कडे असते, त्याचेही तत्त्व हेच.

यातली मेख ‘पुरेशा वेगाने’ या शब्दांत आहे. स्प्रिंगवर किंवा रबरावर टेकलेल्या प्रत्येक वस्तूचा हेलकाव्याचा स्वतःचा ठेका असतो. चाकाचे फेरे त्या ठेक्यापेक्षा जास्त झाले तरच मणी हलक्या बाजूला जातात. फेरे कमी असतील तर ते उलट जड बाजूला जाऊन थरथर वाढवतात. वॉशिंग मशीनचा ड्रम मऊ स्प्रिंगांवर लटकलेला, त्याचा ठेका मंद. पिळण्याचा वेग त्याच्या कितीतरी वर. मोटारीच्या चाकाचे तसे नाही. साध्या मोटारीत चाकाचा ठेका सेकंदाला 10 ते 15 हेलकाव्यांचा असतो. चाक आणि आस जड असले, हवा कमी ठेवली, की तो खाली येतो. आपले 37 इंची चाक शंभरच्या वेगाला साडेनऊ फेरे घेत होते. म्हणजे मण्यांना हवा असलेला वेग आणि गाडीचा रोजचा वेग यांत फार अंतर नाही. एक जीपवाला मण्यांची स्तुती करतो आणि दुसरा ते काढून टाकतो, याचे एक मोठे कारण इथे आहे.

दुसरे कारण असे की प्रत्येक थरथर वजनाची नसते. टायर पुरता गोल नसेल, एका बाजूने जास्त कडक असेल, उभ्या गाडीत एका जागी चपटा झाला असेल, तर कितीही मणी भरा, तो गोल होणार नाही. पुष्कळ नव्या टायरांवर रंगाचे ठिपके असतात. पिवळा ठिपका हलकी बाजू दाखवतो आणि तो व्हॉल्व्हसमोर ठेवतात. लाल ठिपका टायरचा सर्वांत उंच किंवा कडक भाग दाखवतो आणि तो रिमच्या सर्वांत खोल भागासमोर बसवतात. एवढी काळजी घेतली तरी मूळ दोष बराच कमी होतो.

मण्यांची स्वतःची पथ्येही आहेत. 37 इंची टायरला साधारण पाव किलोच्या आसपास मणी लागतात. ते टायर बसवताना आत ठेवतात किंवा व्हॉल्व्हची पिन काढून नळीने सोडतात. नंतर बारीक जाळीची पिन लावावी लागते, नाहीतर हवा कमी करताना मणी व्हॉल्व्हमध्ये अडकतात. आत ओल असेल तर त्यांचे गोळे होतात, म्हणून हवा कोरडी हवी. पंक्चररोधक द्रव आणि मणी एकत्र चालत नाहीत. प्लास्टिकचे छर्रे झिजून त्यांची पूड होऊ शकते. गाडी थांबली की सगळे मणी तळाशी येतात, त्यामुळे निघताना त्यांना पुन्हा पांगावे लागते.

आपल्याकडे थार, जिम्नी आणि पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा यांना मोठे टायर चढवण्याची हौस वाढते आहे. ही हौस असणाऱ्यांनी आधी कायदा पाहावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. कायद्यात बसणारे टायर असतील आणि तरीही स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी रिम वाकली आहे का ते पाहा, मग टायर गोल आहे का ते पाहा, स्टिअरिंगचे जोड आणि बेअरिंग तपासा, मशीनवर बॅलन्सिंग करून घ्या. एवढे करूनही वजने टिकत नसतील किंवा रिमवर मावत नसतील, तरच मण्यांचा विचार करा.