खोडलेल्या ओळींचं मोल

छापील कवितेत कवीने काय ठेवलं ते दिसतं. काय खोडलं ते पाहायचं तर हस्तलिखितच हवं.

टी. एस. एलियट यांचं ‘द वेस्ट लँड’ हे दीर्घकाव्य १९२२ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी त्यांनी खाडाखोडीने भरलेले त्याचे खर्डे न्यूयॉर्कचे वकील आणि संग्राहक जॉन क्विन यांना भेट म्हणून पाठवले. १९२४ मध्ये क्विन वारले आणि कागद दिसेनासे झाले. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने ते १९५८ मध्ये मिळवले, पण जाहीर केलं १९६८ मध्ये. एलियट १९६५ मध्येच गेले होते.

१९७१ साली पत्नी व्हॅलेरी यांनी ते खर्डे जसेच्या तसे छापले, तेव्हा एझ्रा पाउंड यांची कात्री वाचकांना दिसली. मित्राने परिच्छेदच्या परिच्छेद गाळले होते आणि कविता उजळली होती. उर्दूत उस्ताद शागिर्दाची रचना सुधारतो, त्याला ‘इस्लाह’ म्हणतात. हा तसाच प्रकार.

आता आपण मोबाइलवर लिहितो. पुसलेल्या शब्दाची खूणही उरत नाही. म्हणून घरात कुणा लिहित्या माणसाच्या जुन्या वह्या असतील, तर रद्दीत देण्याआधी उघडून पाहा. खाडाखोड असेल, तर त्या आवर्जून जपा.