अवघडपणाची किंमत कोण ठरवते?

बडोद्यात 1936 साली दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोशा’चा पहिला खंड निघाला. दहा खंड पुरे व्हायला 1949 उजाडले. व्यायामगुरू जुम्मादादा आणि माणिकराव यांचा आखाडा लाभलेले हे शहर. उस्तादांच्या तोंडी आणि शागिर्दांच्या अंगात असलेली विद्या इथे कागदावर आली. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण कसरतीला गुण द्यायचे तर आधी तिची नेमकी नोंद हवी. मल्लखांबावरची अढी कुठे संपते आणि दसरंग कुठे सुरू होतो, हेच ठरलेले नसेल तर पंच मोजणार काय?

ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्सची गुणसंहिता ही अशीच एक मोठी नोंदवही आहे, फक्त तिच्यात प्रत्येक कसरतीपुढे किंमत लिहिलेली असते. ‘ए’ची 0.1, ‘बी’ची 0.2, असे चढत ‘जे’ची 1.0. पुरुषांच्या संचातल्या 10 कसरती पॅरिस ऑलिंपिकपर्यंत मोजत. 2025 पासून 8 मोजतात. वेगवेगळ्या गटांतल्या कसरती केल्याचे गुण त्यात मिळवले की काठिण्यगुण तयार होतो. व्हॉल्टला मात्र संच नसतो, तिथे प्रत्येक उडीची किंमत आधीच ठरलेली असते. सफाईचे गुण दुसरे पंच 10 मधून वजा करत देतात. काठिण्य आणि सफाई यांची ही फारकत 2006 मध्ये झाली. त्याआधी, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये, कोरियाच्या यांग ते-यंगच्या समांतर बारवरील संचाची आरंभकिंमत, म्हणजे मिळू शकणारे कमाल गुण, 10 ऐवजी 9.9 धरली गेली आणि वाद पेटला होता.

किमतीमागे भौतिकशास्त्र आहे. फ्लोअरवर शरीराचा गुरुत्वमध्य एक मीटर उंचावला, तर खेळाडू हवेत जेमतेम 0.9 सेकंद असतो. पाय जमिनीवरून सुटले की कोनीय संवेग वाढवता येत नाही. गुडघे छातीशी घेतले तर शरीर भरभर फिरते; अंग ताठ ठेवले तर जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याला होणारा विरोध, तीन-चार पट होते आणि गिरकी मंदावते. म्हणून पुरुषांच्या संहितेत गुडघे आवळून मारलेली मागची दुहेरी कोलांटी ‘सी’, तर तीच ताठ अंगाने मारली की ‘डी’.

या दोन अक्षरांत फरक 0.1 चा, आणि पडलात तर वजा 1.0. म्हणजे ‘डी’ निवडल्याने पडण्याची शक्यता दहा टक्क्यांहून जास्त वाढत असेल, तर सरासरीने तोटाच! माझ्या मते प्रशिक्षकाने हा हिशेब मुलांसमोर मांडायलाच हवा; मान आणि पाठ त्यांची पणाला लागलेली असते.

तरीही किंमत शेवटी माणसेच ठरवतात. रिओत 2016 साली भारताच्या दीपा कर्माकरच्या ‘प्रोदुनोव्हा’ या जोखमीच्या व्हॉल्टची किंमत 7.0 होती, पुढच्या संहितेत ती 6.4 झाली. उडी तीच, धोकाही तोच. बरोबरी झाली तर वरचढ कोण, हेही माणसांनी केलेला नियमच ठरवतो. पॅरिसमध्ये हॉरिझाँटल बारवर जपानचा ओका आणि कोलंबियाचा बाराहास दोघांचेही 14.533 गुण झाले. सुवर्ण ओकाला मिळाले, कारण त्याच्या सफाईचे गुण जास्त होते.