पेन ड्राइव्हचे वाटणीपत्र

पेन ड्राइव्ह संगणकाला जोडावा आणि पडद्यावर अक्षरे उमटावीत की, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉर्मॅट केली पाहिजे, हा अनुभव पुष्कळांना आला असेल. आत मुलीच्या लग्नाची छायाचित्रे असोत की शाळेच्या दाखल्यांची नोंदवही असो. होकार देताच त्यांची सूची पुसली जाते. तेव्हा हा प्रश्न संगणक कशाच्या आधारावर विचारतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

ड्राइव्ह जोडताच ऑपरेटिंग सिस्टिम प्रथम त्याची ओळख विचारते. माध्यम काढता-घालता येण्याजोगे आहे की कायमचे, हे सांगणारा एक बिट त्या उत्तरात असतो. जागा किती हे विचारून झाले, की पहिला सेक्टर वाचला जातो. सेक्टर म्हणजे बहुधा ५१२ बाइटांचा कप्पा. हा पहिला कप्पा म्हणजे शेतजमिनीच्या वाटणीपत्रासारखा कागदच होय. १९८३ सालच्या डॉस २.० पासून चालत आलेल्या पद्धतीत आरंभीचे ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आज्ञांसाठी, पुढचे ६४ वाटणीसाठी आणि अखेरच्या दोहोंत ८५ व १७० हे आकडे. जणू कागदावरचा शिक्काच. वाटणीच्या नोंदी फक्त चार. प्रत्येकीत हिस्सा कोठे सुरू होतो, किती सेक्टरांचा आहे व कोणत्या प्रकारचा, हे लिहिलेले असते.

परंतु शिक्का दिसला म्हणजे वाटणीपत्र आहेच, असे नव्हे. फ्लॉपीची वाटणी करीत नसत, आणि त्याच धर्तीवर कित्येक पेन ड्राइव्ह अविभक्त असतात. त्यांच्या पहिल्या सेक्टरात फाइल-व्यवस्थेचाच मजकूर असतो व त्याच्याही शेवटी तेच दोन आकडे! म्हणून नोंदी पटण्याजोग्या आहेत काय, हे पारखावे लागते. हिस्सा सापडल्यावरही त्यातील फाइल-व्यवस्था ओळखता आली पाहिजे, ते निराळेच.

येथे सिस्टिमांची मते भिन्न पडतात. लिनक्स सर्व हिस्से दाखवते. विंडोज मात्र, तो बिट 'काढता-घालता येणारे' असे सांगत असेल तर, २०१७ पर्यंत केवळ पहिलाच हिस्सा दाखवीत असे. त्या वर्षीच्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून इतरही दिसू लागले. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे कार्ड विंडोजला लावले, तर लिनक्सचा हिस्सा तिला वाचता येत नाही व ती फॉर्मॅटचा आग्रह धरते. त्या आग्रहाचा अर्थ 'मला वाचता आले नाही' इतकाच. 'येथे काही नाही' असा मुळीच नव्हे. हे वाक्य अधिक सौम्य शब्दांत लिहिणे काही अवघड नव्हते!

जुन्या पद्धतीत वाटणीपत्राची प्रत एकच. नव्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते आणि दुसरी प्रत ड्राइव्हच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. पहिली बिघडली तर तिच्यावरून वाटणी पुन्हा उभी करता येते. जुन्या पद्धतीचा ड्राइव्ह असा अडला, तर होकार न देता तो दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा. तेथेही न उघडल्यास प्रथम संपूर्ण ड्राइव्हची सेक्टरवार नक्कल काढावी, आणि मग टेस्टडिस्कसारख्या विनामूल्य प्रोग्रॅमने हरवलेले हिस्से त्या नकलेवर शोधावेत.