साहाय्यक मिळाला म्हणजे संशोधन आयतं मिळालं?

मूल लहान असलेल्या संशोधक बाईला प्रकल्पातून साहाय्यक द्यावा, असं कुणी सुचवलं की एक वाक्य हमखास येतं: ‘मग संशोधन साहाय्यकच करणार, बाईंचं नुसतं नाव!’ आमच्या भिलाईने पोलाद कारखान्यात 1959 पासून भट्ट्या धगधगताना पाहिल्या आहेत आणि आता इथे आयआयटीही आहे. पाळीवरच्या माणसाने तापमान नोंदवलं म्हणून भट्टीची रचना त्याची होत नाही, हे इथे कुणाला समजवावं लागत नाही. प्रयोगशाळेच्या बाबतीत मात्र तेच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

एखाद्या औषधाचा जिवाणूंच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे तपासायचं आहे असं समजा. सकाळी कल्चर लावलं की दर अर्ध्या तासाने शेकरमधल्या फ्लास्कातून थोडं काढायचं, क्युव्हेटमध्ये घालायचं, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 600 नॅनोमीटरला ओडी, म्हणजे द्रवाची प्रकाशीय घनता, टिपायची. वाढ सावकाश होणारी असेल तर हे रात्रीपर्यंत चालतं. पाळणाघर संध्याकाळी बंद होतं, जिवाणू त्याची वाट पाहत नाहीत. ते वाचन साहाय्यकाने घेतलं तर बाईंचं काय गेलं? औषधाची मात्रा किती, तुलनेसाठी कोणता फ्लास्क ठेवायचा, वाढीच्या आलेखात मधेच आलेला उंचवटा खरा की संसर्गामुळे आलेला, हे ठरवणं म्हणजे संशोधन, आणि ते त्यांच्याकडेच राहतं. ज्येष्ठ प्राध्यापकांच्या हाताखाली जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलो, वर्षानुवर्षं हेच काम करतात, सरकार त्यांना 2023 पासून महिना 37,000 रुपये देतं, आणि प्राध्यापकांचं ‘नुसतं नाव’ आहे असं कुणी म्हणत नाही. आक्षेप साहाय्यकाला नसून आईला आहे, हे एकदा स्पष्ट बोललेलं बरं.

‘याने काही साधतं याला पुरावा काय?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने 1997 मध्ये मुलं वाढवणाऱ्या संशोधिकांसाठी क्लॅफ्लिन अनुदान सुरू केलं. त्यातून प्रामुख्याने प्रयोगशाळेत जास्तीचा माणूस ठेवता येतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार सुमारे 21 लाख डॉलर दिले गेले आणि त्या संशोधिकांनी पुढे 5 कोटींहून अधिक डॉलरचा बाहेरचा निधी मिळवला. निवडलेल्या बाया मुळातच कर्तबगार होत्या, म्हणून सगळं श्रेय अनुदानाला देता येणार नाही. पण कर्तबगार बायाच गळतात, हेच तर दुखणं आहे. समाजशास्त्रज्ञ सेक आणि ब्लेअर-लॉय यांच्या 2019 च्या अभ्यासात अमेरिकेतल्या विज्ञान-तंत्रज्ञानातल्या 43 टक्के स्त्रियांनी पहिल्या मुलानंतर त्या क्षेत्रातलं पूर्णवेळ काम सोडलेलं दिसलं. बापांचं प्रमाण 23 टक्के होतं, त्यामुळे ‘हा फक्त बायकांचा प्रश्न’ हेही खरं नाही. मग सगळ्यांना सरसकट सवलत द्यावी का? अमेरिकेतल्या अर्थशास्त्र विभागांनी मूल झालेल्या आई-बापांना कायम नेमणुकीसाठी सारखीच वाढीव मुदत दिली, तेव्हा 2018 च्या अभ्यासाप्रमाणे पुरुषांची संधी वाढली आणि स्त्रियांची घटली. म्हणून मदत खरोखर संगोपन करणाऱ्याला हवी, मग तो बाप का असेना.

यावर कुणी म्हणतं, ‘रजा आहे की!’ केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पीएच.डी. करणारीला यूजीसीच्या नियमांनी 240 दिवसांपर्यंत. पण रजेत प्रयोगशाळेतल्या पेशींना पोषक माध्यम कोण बदलून देणार? ‘पाळणाघर झालं की संपलं.’ मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने ते पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी बंधनकारक झालं. मूल तापलं की तेही चालत नाही. ‘आजी आहे ना!’ भिलाईतल्या कित्येक मराठी घरांची आजी नागपूर-वर्ध्याकडे, अडीचशेहून अधिक किलोमीटरवर असते.

आपल्याकडे विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना खंड पडलेल्या बायांना परत आणण्यासाठी आली, आणि तिचं मोल मोठं आहे. साहाय्यकाची तरतूद त्याआधी, खंड पडू नये म्हणून हवी. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात दोन-तीन वर्षांसाठी एक पद, एवढीच ती मागणी आहे. त्या पदावरच्या मुलीला किंवा मुलाला बाळ सांभाळायला बसवायचं नाही, आणि तिने किंवा त्याने प्रयोगात बौद्धिक भर घातली तर शोधनिबंधावर नाव द्यायचं, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावं.